बूट, पॅगोडा आणि पाऊस

मुंबईत वाढलेल्या बहुतेकांनी आयुष्यात पाहिलेली पहिली ‘थीम’ इमारत म्हणजे मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट. आमच्या वाकोल्यातली मुले शाळेच्या सहलीत तिथे जातात, सुट्टीत सांताक्रूझहून लोकल पकडून आईवडिलांबरोबर जातात, आणि ते आईवडीलही लहानपणी तिथेच जाऊन आलेले असतात. कमला नेहरू उद्यान १९५२ सालचे. बुटाचा आराखडा सोली आर्सीवाला या अभियंत्याचा. पुढे त्यांनी सांडपाणी आणि पर्यावरण अभियांत्रिकीत मोठे काम केले. बुटात राहणारी इंग्रजी बडबडगीतातली म्हातारी ही त्यामागची कल्पना.

या बुटाकडे वास्तुरचना म्हणून कुणी फारसे पाहत नाही. पाहायला हवे. बुटाला खाली आडवा पंजा असतो आणि त्यावर उभा घोटा. उभ्या भागात जिना बसतो, वरच्या तोंडातून बाहेर बघता येते. म्हणजे मुलाने काय करायचे हे त्या वस्तूच्या आकारातच ठरलेले आहे: खालून शिरायचे, चढायचे, वरून डोकावायचे आणि खाली उभ्या आईला हात हलवून दाखवायचा. कल्पना आणि वापर एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की एक काढले तर दुसरे उरत नाही. बाहेरून बुटासारखा दिसणारा नुसता पुतळा असता, तर तो एका फोटोपुरता राहिला असता.

आज महाराष्ट्रात अशा इमारतींना मोठी मागणी आहे. महामार्गावर जहाजासारखी उपाहारगृहे उभी राहतात, रिसॉर्टना किल्ल्याचे बुरूज येतात, खोल्यांना गुहेचे रूप दिले जाते, नव्या स्लॅबवर वाड्याचे दरवाजे बसतात. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० साली आले. त्यानंतर शेतात चार-सहा खोल्या बांधून पाहुणे ठेवणारे शेतकरीही ‘थीम काय ठेवू?’ असे विचारू लागले आहेत. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बहुतेक वेळा इमारतीच्या दर्शनी चित्रात, म्हणजे एलिव्हेशनमध्ये शोधले जाते, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो.

अमेरिकेत या विषयावर एक जुना वाद आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९३१ साली एका बदकपालकाने आपली बदके आणि अंडी विकण्यासाठी बदकाच्याच आकाराचे काँक्रीटचे दुकान बांधले. रॉबर्ट व्हेंच्युरी, डेनिस स्कॉट ब्राउन आणि स्टीव्हन आयझेनर यांनी १९७२ साली लास व्हेगासवर पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांनी इमारतींचे दोन प्रकार सांगितले. पहिला ‘बदक’, म्हणजे जिचा अख्खा आकारच संदेश आहे अशी इमारत. दुसरा ‘सजवलेली शेड’, म्हणजे साधी चौकोनी इमारत आणि तिच्यावर लावलेली पाटी किंवा नक्षी. त्यांचा कल सजवलेल्या शेडकडे होता: शेड स्वस्त, लवचीक, आणि नक्षी हवी तेव्हा बदलता येते. लास व्हेगास वाळवंटात आहे, तिथे वर्षाकाठी जेमतेम चार-पाच इंच पाऊस पडतो. त्या हवेत हे मत पटण्यासारखे आहे.

वाकोल्यात बसून ते तसेच्या तसे स्वीकारता येत नाही. इथल्या पावसाचे मोजमाप शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेत होते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तिथे सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली, मिठी नदी आणि तिला मिळणारा वाकोला नाला दोन्ही फुगले आणि आसपासच्या वस्त्या पाण्यात गेल्या. पावसाखेरीज समुद्राची खारी हवा आहे, उन्हाळ्यातले कडक ऊन आहे. इमारतीला चिकटवलेली प्रत्येक गोष्ट या तिघांना तोंड देते.

म्हणून माझे मत असे आहे: आपल्याकडे थीम एकतर इमारतीच्या सांगाड्यात असावी, नाहीतर नुसत्या रंगात. या दोहोंच्या मधला जाड थर, म्हणजे सिमेंटचे खोटे दगड, प्लास्टरचे खोटे लाकूड, फायबरचे खोटे खांब, टाळावा. सांगाडा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. रंग उडाला तर दिवाळीआधी पुन्हा लावता येतो. मधला थर फुगतो, तडकतो, शेवाळतो, आणि तो काढून नवा लावणे मालकाला परवडत नाही. म्हणून तो तसाच राहतो आणि जागा उदास दिसू लागते.

सांगाड्यातली थीम कशी असते हे पाहायचे असेल तर बोरिवलीहून गोराई खाडी ओलांडून ग्लोबल विपश्यना पॅगोडा पाहून यावे. हे ध्यानाचे स्थान आहे. रोज येणारे बहुसंख्य लोक मात्र पर्यटकच असतात, आणि रचनेचा विचार करणाऱ्याला तिथे शिकण्यासारखे फार आहे. विपश्यनाचार्य सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली म्यानमारमधल्या मंडालेचा, गुरू सयाजी ऊ बा खिन त्याच देशातले. ज्या देशाने ही विद्या जपली त्याचे ऋण म्हणून यांगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याचे रूप घ्यायचे ठरले. बांधकाम २००० साली सुरू झाले आणि ८ फेब्रुवारी २००९ ला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झाले. उंची सुमारे ३२५ फूट, जवळपास मूळ श्वेडगॉनइतकीच.

पण मूळ श्वेडगॉन भरीव आहे. विटांचा तो महाकाय स्तूप. भाविक त्याच्याभोवती फिरतात, आत जात नाहीत. गोराईला आठ हजार माणसांनी एकत्र बसून ध्यान करावे अशी जागा हवी होती. म्हणजे बाहेरून घंटेचे तेच रूप आणि आतून एकही खांब नसलेली पोकळी. नक्कल करायला निघालेल्यांना नवा शोध लावावा लागला तो इथे.

आतल्या घुमटाचा व्यास २८० फूट, म्हणजे सुमारे ८५ मीटर. विजापूरचा गोल घुमट यापुढे निम्म्याहून लहान ठरतो. रोमचे पँथिऑन दुसऱ्या शतकातले, त्याचा घुमट ४३ मीटरच्या थोडा वर. एवढा मोठा घुमट लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमध्ये सहज झाला असता. पण पॅगोडा हजार-दोन हजार वर्षे टिकावा अशी इच्छा होती, आणि जागा समुद्राला लागून. सळी गंजली की तिचे आकारमान कित्येक पटींनी वाढते आणि ती भोवतीचे काँक्रीट आतून फोडते. मुंबईच्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांचे तुकडे पडतात ते याच कारणाने. म्हणून घुमटाला लोखंडाचा आधार न देता तो दगडात बांधला गेला. पाया काळ्या बसाल्टचा, घुमट राजस्थानातून आणलेल्या जोधपुरी दगडाचा, आणि सांधे चुन्याने भरलेले.

दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. घुमटाचा प्रत्येक थर स्वतःच्या वजनाने खाली आणि बाहेर सरकू पाहतो. इथला घुमट अर्धगोलापेक्षा पसरट आहे, मधली उंची सुमारे ९० फूट, त्यामुळे बाहेरच्या दिशेचा रेटा जास्त. त्याला आवरायला दोन गोष्टी कामी येतात. एक म्हणजे प्रत्येक दगडाला पाडलेली खाच: सहाशे-सातशे किलोचा एकेक दगड शेजारच्या, खालच्या आणि वरच्या दगडात अडकतो, त्यामुळे एकटा घसरू शकत नाही. अगदी मधला, सगळ्यांना कुलूप घालणारा दगड सुमारे चार टनांचा आहे. दुसरी गोष्ट वजन. मोठ्या घुमटावर आणखी दोन घुमट चढवलेले आहेत. बाहेरून दिसणारी निमुळती घंटा त्यांच्यामुळे घडते. वरून येणारे वजन बाहेरचा रेटा वळवून जमिनीकडे नेते, हे घुमट बांधणाऱ्यांचे जुने ज्ञान आहे. म्यानमारचे रूप आणि घुमटाचे गणित असे एकाच दगडात उतरले आहे. तिथला सोनेरी रंग पावसाने फिका पडला तर पुन्हा लावता येईल. तो मुद्दामच काढून टाकला तरी पॅगोडा पॅगोडाच राहील. कुठल्याही थीम इमारतीची मी हीच परीक्षा घेतो: वरचा मुलामा मनातल्या मनात खरवडून काढायचा आणि मागे काय उरते ते पाहायचे.

नकलेला कमी लेखायचे कारण नाही. आपल्याकडची जुनी लेणी नकलेतूनच उभी राहिली. भाजे लेण्यातले चैत्यगृहाचे खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. दगडात कोरलेल्या गुहेत खांब कलते ठेवण्याची काही गरज नसते. पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी सभागृह होते, आणि लाकडी छपराचा रेटा झेलायला खांब तसे कलते ठेवावे लागत. कार्ल्याच्या चैत्यात तर छताखाली खऱ्या लाकडाच्या कमानदार फासळ्या बसवल्या आहेत. छत डोंगराचेच असल्याने त्या काहीच पेलत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीची ती थीमच म्हणायची, आणि ती आजही जागेवर आहे, कारण ती डोंगराच्या पोटात कोरडी राहिली.

वाकोल्याच्या उत्तरेला विमानतळाचे दोन क्रमांकाचे टर्मिनल आहे. २०१४ साली सुरू झालेल्या या इमारतीची रचना अमेरिकेतल्या स्किडमोर, ओइंग्ज अँड मेरिल या संस्थेची. तिची थीम मोर. पण प्रवेशाच्या दालनात कुठेही मोराचे चित्र काढून ठेवलेले नाही. तीस भव्य खांब वर जाताना फुलत जातात आणि फुलता फुलता छतच होतात. छताचे वजन जसे खांबात उतरते तसाच तो आकार आहे. छतातल्या खोलगट चौकटींमध्ये रंगीत काचेच्या छोट्या चकत्या आहेत, त्यांतून येणारा उजेड पिसाऱ्यावरच्या डोळ्यांसारखा जमिनीवर सांडतो. थोडे काम सांगाड्याने केले, थोडे उजेडाने. मधला जाड थर नाही. एवढा खर्च कुणा होमस्टेवाल्याने करावा असे मी म्हणणार नाही, पण विचाराची दिशा फुकट घेता येते.

मधल्या थराचा मोह कुठून येतो? माझ्या मते सिनेमाच्या सेटवरून. आपल्याकडे सेट उभारणारे कलावंत अव्वल दर्जाचे आहेत. गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ पासून आहे, नितीन देसाई यांनी कर्जतला २००५ साली स्टुडिओ उभारला, आणि त्यांनी रचलेले महाल पाहून लोक थक्क झाले. सेट मात्र कॅमेऱ्यासाठी असतो. कॅमेरा ठरलेल्या जागेवरून पाहतो, हात लावत नाही, आणि चित्रण संपले की सेटचे काम संपते. पर्यटक चहूबाजूंनी पाहतो, टेकून उभा राहतो, लहान मूल कोपरा ओरबाडते, आणि पाऊस दरवर्षी येतो. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे जिप्सम. ते पाण्याने मऊ पडते, म्हणून घराबाहेर त्याला जागाच नाही. फायबर उन्हाने पांढुरके होते. सिमेंटचा खोटा खडक आतल्या जाळीच्या जोरावर उभा असतो. ती जाळी गंजली की खडकाची साल सुटते.

तरीही भ्रम हवाच असेल, तर चार्ल्स कोरिया यांनी गोव्यात वापरलेला मार्ग पाहावा. दोना पावलाजवळचे सिदाद द गोवा हे हॉटेल १९७८ ते १९८२ या काळात बांधले गेले. पोर्तुगीज गावाची आठवण द्यायची होती. कोरियांनी इमारती चढउताराच्या छोट्या गावासारख्या मांडल्या, आणि काही सपाट भिंतींवर दारे, खिडक्या, माणसे नुसती रंगवून घेतली. पणजीच्या कला अकादमीतही हाच खेळ आहे: नाट्यगृहाच्या भिंतींवर मारिओ मिरांडा यांनी जुन्या थिएटरच्या सज्जांत बसलेले प्रेक्षक रंगवले, त्यामुळे खेळ सुरू व्हायच्या आधीच सभागृह भरल्यासारखे वाटते. हे खोटे आहे हे रंगच सांगतो, आणि पाहणाऱ्याला त्याचीच गंमत वाटते. खर्च कमी, दुरुस्ती सोपी.

छोट्या प्रकल्पाचे उदाहरण गोव्यातच, तोर्डा गावात आहे. जेरार्ड द कुन्हा या वास्तुविशारदाने गोव्याच्या घरांवर संग्रहालय उभारायचे ठरवले, आणि जागा मिळाली ती रस्त्याच्या मधोमध, त्रिकोणी आणि चिंचोळी. कुणीही नाक मुरडले असते. त्यांनी त्या त्रिकोणावर उंच, टोकदार, जहाजासारखी इमारत उभी केली. ‘हाउसेस ऑफ गोवा’ला जहाज हे रूप वरून चढवावे लागले नाही; ते जमिनीच्या तुकड्याने दिले. म्हणून वाटते, थीम शोधायची तर आधी जमिनीवर चारदा जाऊन यावे. ऊन कुठून येते, पावसाळी वारा कोणत्या बाजूने मारतो, पाणी कुठे साचते, जुने झाड कुठे आहे. पुष्कळदा उत्तर तिथेच असते.

कोकणात घर बांधून पाहुणे ठेवणाऱ्यांसाठी तर थीम आयतीच आहे. जांभ्याचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत घट्ट होत जातो. उतरते कौलारू छप्पर हे पावसाचेच गणित: मंगलोरी कौलांना साधारण तीस अंशांचा उतार असला की वाऱ्याने पाणी उलटे शिरत नाही, आणि पागोळ्या भिंतीपासून दोन-तीन फूट लांब पडल्या की चिरा कोरडा राहतो. ओटी, पडवी, माजघर ही मांडणीच पाहुण्याला सांगते की तो कोकणात आला आहे. त्यावर सिमेंटचे ताडमाड उभारण्याची गरज राहत नाही. काँक्रीट वापरायचेच असेल तर किनाऱ्यालगत ते किमान एम-३० प्रतीचे असावे आणि सळीवर ४५ मिलिमीटरचे आवरण असावे. भारतीय मानक ४५६ तसेच सांगते. इथे काटकसर करून पुढे नक्षीवर खर्च करणारे मालक मी पाहिले आहेत, आणि वाईट वाटते.

माणसाचे माप ही आणखी एक गोष्ट थीमच्या नादात हरवते. किल्ल्यासारखा जिना म्हणून उंच, ओबडधोबड पायऱ्या केल्या जातात आणि आजीआजोबा खालीच बसून राहतात. सार्वजनिक जागेत पायरी १५० मिलिमीटरपेक्षा उंच नसावी, तिची रुंदी ३०० मिलिमीटर असावी. चाकाच्या खुर्चीसाठीचा उतार बारा फुटांना एक फूट यापेक्षा तीव्र नसावा. माप मुद्दाम बदलायचे तर पूर्ण विचार करून बदलावे. वॉल्ट डिस्ने यांनी १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँडचा मुख्य रस्ता बांधला, तेव्हा इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान ठेवले, त्यामुळे त्या उंच वाटतात आणि तरी अंगावर येत नाहीत. घाटकोपरच्या किडझानियात दुकाने आणि रस्ते मुलांच्या मापाने छोटे केलेले आहेत. दोन्हीकडे माप हीच थीम आहे.

आणि मागची बाजू. स्वयंपाकघराचा कचरा, गॅसचे सिलिंडर, पाण्याचा टँकर, कामगारांची ये-जा यांना वेगळी वाट लागते. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या उद्यानात, १९७१ पासून, यासाठी पाहुण्यांच्या पायांखाली बोगद्यांचे जाळे आहे. आपल्या शेतातल्या चार खोल्यांना बोगदा नको, एक मागचा दरवाजा आणि मेंदीचे कुंपण पुरते. पण ते नकाशात पहिल्या दिवशीच हवे. सजवलेल्या कमानीतूनच कचऱ्याची गाडी निघाली तर कमानीवर केलेला खर्च वाया गेला.

तेव्हा तुम्ही स्वतःची जागा बांधायला काढणार असाल, तर वास्तुविशारदाकडे रंगीत दर्शनी चित्र आधी मागू नका. आधी सेक्शन मागा, म्हणजे इमारत उभी कापली तर आत काय दिसेल त्याचा नकाशा. त्यात छपराचा उतार, पाण्याची वाट, जिन्याचे माप आणि भिंतीची जाडी दाखवून घ्या. तुम्ही ठरवलेली थीम त्या नकाशात कुठेच दिसत नसेल, तर तिच्यावर एक रुपयाही खर्च करू नका; तेवढ्या पैशात चांगली कौले घाला आणि ओटी दोन हात रुंद करा.